हवा संपली की घट्ट होणारा थेंब

गाळप हंगामात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे नट-बोल्ट सैल का होतात? आडव्या हादऱ्यांनी आटे क्षणभर एकमेकांवर घसरतात आणि तेवढ्यात बोल्टमधला ताणच नटाला किंचित मागे फिरवतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवले. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर म्हणूनच विसंबू नये.

यावर उपाय थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा द्रव. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन क्रीबल यांनी 1950 च्या दशकात तो बाजारात आणला. त्याचे रसायन विलक्षण आहे. ऑक्सिजन मिळतो तोवर हा द्रव पातळच राहतो, म्हणून बाटलीही पूर्ण भरत नाहीत. आवळलेल्या आट्यांत हवा उरत नाही, धातूचे आयन मिळतात आणि फटीतच कठीण प्लॅस्टिक तयार होते. स्टेनलेस स्टीलवर हे सावकाश घडते.

सहसा निळा प्रकार साध्या पान्याने सुटतो. लाल सोडवायला मात्र बोल्ट सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. वारंवार उघडायच्या जागी लाल प्रकार वापरू नका आणि कोणताही लावण्याआधी आट्यांवरचे तेल-ग्रीस पुसून काढा.