नाताळची भेट

मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला; जन्म हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. त्याच भाषेने गोव्याला आणखी एक शब्द दिला, तो म्हणजे 'कोन्सुआद'. पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून करावयाच्या भोजनास हे नाव आहे. गोव्यात मात्र या शब्दाने घराचा उंबरठा ओलांडला. शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट यांच्याकडे पाठवावयाचे गोडधोडाचे ताट, असा अर्थ त्याला येथे प्राप्त झाला. घरच्या पंगतीचे जे होते, ते वाड्याचे झाले.

हे ताट सहजासहजी सिद्ध होत नाही. दोदोल करावयाचा तर तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून तासन् तास घोटीत बसावे लागते. बिबिंकेचा एक थर भाजल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. फणीच्या किंवा काट्याच्या पाठीवर कुलकुल वळण्यास लहानथोर सर्वांचे हात लागतात. नेवरी तर मराठी घरातील करंजीचीच बहीण. एवढ्या श्रमानंतरही विचार करावा लागतो तो घेणाऱ्याचा. शेजाऱ्यास अंडे वर्ज्य असेल तर बिबिंक कितीही उत्तम साधलेली असो, ती त्याच्या उपयोगाची नाही. तेथे दोदोलच हवा. देण्याचा आरंभ वस्तूपासून होत नाही, तो असा माणसापासून होतो.

ख्रिस्तजन्माच्या कथेतही हेच दिसते. मत्तयकृत शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. गोव्यात रेइश मागुश, चांदोर इत्यादी ठिकाणी ६ जानेवारीस होणारा तीन राजांचा उत्सव त्यांच्याच स्मरणाचा. लूककृत शुभवर्तमानातील मेंढपाळांच्या हाती मात्र काही असल्याचा उल्लेख नाही. वार्ता कानी पडताच ते लगबगीने आले, एवढेच. तरीही नाताळच्या देखाव्यात राजे आणि मेंढपाळ एकाच गव्हाणीपाशी उभे असतात.

मराठीने या दोघांनाही एकाच शब्दात सामावून घेतले आहे. 'भेट' म्हणजे अर्पण केलेली वस्तू, आणि 'भेट' म्हणजे माणसाची माणसाशी पडलेली गाठ. या दुसऱ्या अर्थाची खरी निकड भासते ती दुःखाच्या घरी. मृत्यू झालेल्या घरात त्या वर्षी दिवाळीचे तळण होत नाही. शेजारी तेथे फराळ पाठवितात. गोव्यातील ख्रिस्ती घरांतही शोकाच्या वर्षी चूल पक्वान्नांसाठी पेटत नाही, आणि तेथेही शेजाऱ्यांची ताटे जातात. 'कोन्सुआद' या शब्दाचा संबंध सांत्वन दर्शविणाऱ्या लॅटिन धातूशी जोडला जातो, तो अशा वेळी मनाला पटतो.

आज ही सारी पक्वान्ने बेकरीत आयती मिळतात. त्यात उणे काही नाही. नोकरी करणाऱ्या गृहिणीस घोटीत बसण्याची सवड कोठून असणार? परंतु मागविलेला डबा परस्पर दुसऱ्याच्या दारी जाऊन पडला, तर भेटीचा एक अर्थ पोचतो आणि दुसरा वाटेतच राहतो. ताट नेणारा घटकाभर ओसरीवर टेकला, घरातील एकट्या म्हातारीची त्याने विचारपूस केली, म्हणजे भेट पुरी होते. देणाऱ्याचा आनंद तेथेच असतो. त्याने नेलेले गोड तिच्या जिभेवर क्षणभर राहते. कोणी आपणहून आले होते, हे मात्र ती पुढच्या नाताळपर्यंत सांगत राहते.