संगणकातील उष्णता व तिचे निवारण

विजेवर चालणारे कोणतेही यंत्र काही वेळ चालले की तापते, हा सर्वांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. इस्त्री व शेगडी ही तर तापण्यासाठीच केलेली साधने. परंतु दिवा, पंखा, पाण्याचा पंप ही निराळ्या कामासाठी केलेली यंत्रेही थोडीबहुत तापतातच. शाळेत किंवा ग्रंथालयात मेजावर ठेवलेला संगणक या नियमाला अपवाद नाही. त्याच्या पेटीच्या मागील जाळीजवळ हात धरला असता आतून येणारा उष्ण वारा हाताला जाणवतो. पंपाला दिलेल्या विजेच्या बळावर पाणी निदान वरच्या टाकीत चढते. संगणकाने हिशेब केले, चित्रे रेखाटली किंवा पत्रे लिहिली, तरी त्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीत उतरते. ४०० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे खोलीत ठेवलेली ४०० वॅटची लहानशी शेगडीच होय.

भारतातील कित्येक प्रदेशांत एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत एखादा संगणक एकाएकी मंदावतो, किंवा चालता चालता बंद पडतो आणि विद्यार्थ्याने तासभर खपून केलेले काम क्षणात नाहीसे होते. यंत्र जुने झाले, असा तर्क करून ते अडगळीत टाकले जाते. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून साचलेल्या धुळीचा व कोंडलेल्या हवेचा असतो. म्हणून संगणकात उष्णता कोठे उत्पन्न होते व ती बाहेर कशी काढतात, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

उष्णतेचा उगम

संगणकातील गणनेचे मुख्य काम प्रोसेसर नावाचा भाग करतो. सिलिकॉनच्या एका लहानशा चकतीवर कोरलेले कोट्यवधी ट्रान्झिस्टर हे त्याचे अंतरंग होय. प्रत्येक ट्रान्झिस्टर ही विजेची एक सूक्ष्म कळ आहे. ती उघडताना व मिटताना अत्यल्प विद्युत् भार साठतो आणि रिता होतो, व त्या प्रत्येक वेळी थोडी उष्णता निर्माण होते. हा व्यवहार एका ठेक्यावर चालतो. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये या ठेक्याचे दर सेकंदाला ४०० कोटी स्पंद होतात. एकेका कळीची उष्णता नगण्य असली, तरी इतक्या कळी इतक्या वेळा हलल्या म्हणजे तिची बेरीज शंभर-दीडशे वॅटपर्यंत सहज पोहोचते.

या उष्णतेचा नियम सोपा आहे. ती स्पंदांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्पंद दुप्पट केले तर उष्णता दुप्पट होते. दाब दुप्पट केला तर ती चौपट होते. याखेरीज मिटलेल्या कळीतूनही थोडा प्रवाह झिरपतच असतो. या गळतीचे प्रमाण तापमानाबरोबर वाढते. म्हणजे चकती तापली की गळती वाढते, आणि गळती वाढली की चकती अधिकच तापते.

उष्णता किती आहे, यापेक्षा ती किती लहान जागेत एकवटली आहे, ही बाब अधिक बिकट आहे. स्वयंपाकघरातील १,५०० वॅटच्या विजेच्या शेगडीची तबकडी १८ सेंटिमीटर व्यासाची असली, तर तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६ वॅट उष्णता निघते. दोन चौरस सेंटिमीटरच्या चकतीतून १५० वॅट निघत असतील, तर हेच प्रमाण ७५ वॅट होते. म्हणजे शेगडीच्या बारापट. शेगडी लाल होईपर्यंत तापली तरी चालते; चकती मात्र साधारणतः १०० अंशांच्या आत ठेवावी लागते.

थोडा इतिहास

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनियाक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. त्याला थंड राखण्यासाठी मोठमोठ्या पंख्यांची योजना करावी लागली. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि उष्णतेचा प्रश्न काही काळ सौम्य झाला. १९७१ सालच्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये केवळ २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला पंख्याची गरज नव्हती.

१९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. ट्रान्झिस्टर लहान करीत जावे व त्याच प्रमाणात विद्युत् दाबही उतरवीत जावे, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसूनही त्या जागेची उष्णता वाढत नाही, असा त्याचा आशय होता. सुमारे तीस वर्षे या तत्त्वाने साथ दिली. परंतु दाब फार उतरविला की गळती आवरेनाशी होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही मर्यादा येऊन ठेपली. २००४ साली पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. त्याची ४ गिगाहर्ट्झची नियोजित आवृत्ती मात्र त्याच वर्षी रद्द झाली. तेव्हापासून एकाच प्रोसेसरचा वेग अतोनात वाढविण्याऐवजी एका चकतीवर अनेक गणनकेंद्रे बसविण्याची पद्धत रूढ झाली. आजच्या संगणकाची घडण ठरविण्यात उष्णतेचा वाटा एवढा मोठा आहे.

उष्णतेचा प्रवास

चकतीतील उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत टप्प्याटप्प्याने जाते. चकतीवर धातूचे झाकण असते. त्यावर हीटसिंक, म्हणजे पुष्कळ पातळ पाती असलेला धातूचा ठोकळा, घट्ट बसवितात. झाकण व ठोकळा डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांचे पृष्ठभाग सूक्ष्म खाचखळग्यांनी भरलेले असतात, आणि त्या खळग्यांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णतेचे वहन सुमारे पंधरा हजार पटींनी कमी करते. म्हणून तेथे उष्णतावाहक लेप लावतात. हा लेप धातूइतका चांगला वाहक नसतो, परंतु हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस असतो. त्याचे काम केवळ खळगे भरण्याचे आहे. यास्तव तो पातळच हवा. जाड थर दिल्यास तोच अडथळा बनतो.

ठोकळ्यापासून पात्यांपर्यंत उष्णता नेण्यासाठी पुष्कळ हीटसिंकमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात. अशा उष्णतानलिकेचे कार्य अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली करून दाखविले. नळीतील हवा काढून तीत थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने ते पाणी अल्प तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे धावते, तेथे आपली उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे नळीच्या सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परतते. या सर्व खटाटोपाला विजेची वा यंत्राची मदत लागत नाही.

पात्यांवरून पंख्याने हवा खेळविली की उष्णता हवेत जाते. परंतु ही तापलेली हवा पेटीतच घोटाळत राहिली, तर पंखा तीच हवा पुनःपुन्हा पात्यांवर ढकलीत राहील. म्हणून पेटीच्या पुढील बाजूने थंड हवा आत घेण्याची व मागून किंवा वरून उष्ण हवा बाहेर टाकण्याची व्यवस्था असते. ४०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांपेक्षा अधिक तापू द्यावयाची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ३५ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. हे काम मोठे व संथ पंखे लहान व वेगवान पंख्यांपेक्षा चांगले करतात. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते, परंतु त्याला वीज सुमारे आठपट लागते व गोंगाटही फार वाढतो.

येथे एक साधा हिशेब उद्बोधक ठरेल. एखादा हीटसिंक दर वॅटमागे ०.३ अंश तापमानवाढ होऊ देतो असे समजू. १२५ वॅटच्या प्रोसेसरचे तापमान मग खोलीतील हवेपेक्षा ३७.५ अंशांनी अधिक राहील. खोली २५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ६२.५ अंशांवर, खोली ४२ अंशांवर असेल, तर ७९.५ अंशांवर. पंखा कितीही उत्तम असला तरी तो प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

काही संगणकांत हवेऐवजी पाणी खेळवितात. एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता सामावून घेते. लहानसा पंप हे पाणी प्रोसेसरवरून मोठ्या जाळीकडे नेतो व तेथे पंखे ते थंड करतात. तथापि उष्णता शेवटी त्याच खोलीच्या हवेत जाते. त्यामुळे वरील नियम येथेही सुटत नाही.

वेग वाढविण्याचा मोह

निर्मात्याने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याचे प्रसिद्ध उदाहरण १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचे. त्याचा वेग ६६ मेगाहर्ट्झच्या मूळ ठेक्याला साडेचाराने गुणून ३०० मेगाहर्ट्झ होई. हौशी मंडळींनी मूळ ठेका १०० मेगाहर्ट्झ केला आणि पुष्कळ प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालू लागले. कितीतरी महाग अशा प्रोसेसरचा वेग स्वस्तात हाती आला. निर्माते सुरक्षिततेसाठी काही अंतर राखूनच वेग ठरवितात. त्या अंतराचा हा लाभ होता.

परंतु हे अंतर संपले की दाब वाढवावा लागतो, आणि तेथे वर्गाचा नियम आडवा येतो. समजा, वेग ४ वरून ४.५ गिगाहर्ट्झ केला व त्यासाठी दाब १.२ वरून १.३ व्होल्ट केला. वेग साडेबारा टक्के वाढला. उष्णता मात्र सुमारे ३२ टक्के वाढली, आणि गळतीची वाढ तर यात धरलेलीच नाही. १२५ वॅटचा प्रोसेसर १६५ वॅटवर जातो. वरील हिशेबातील हीटसिंक ४२ अंशांच्या खोलीत त्याला ९१ अंशांच्या वर नेईल.

अतितापाचे परिणाम तीन प्रकारचे असतात. पहिला, यंत्र बंद पडणे. हा सर्वांत कमी धोक्याचा, कारण तो लगेच कळतो. दुसरा, मूक चूक. यंत्र चालू असते, परंतु लाखो आकड्यांतील एखादा आकडा चुकतो आणि त्याची दाद कोणाला लागत नाही. शाळेच्या निकालपत्रात किंवा ग्रंथालयाच्या नोंदींत अशी चूक शिरली, तर ती शोधणार कोण? तिसरा परिणाम सावकाश होणारी झीज. १.२५ व्होल्टवर १२५ वॅट घेणाऱ्या प्रोसेसरमधून १०० अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या रेट्याने सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. तापमान वाढले की हे सरकणे वाढते आणि अखेर तार तुटते.

आजचे प्रोसेसर स्वतःचे तापमान स्वतः मोजतात आणि मर्यादा गाठताच वेग आपण होऊन उतरवितात. या सोयीचे महत्त्व २००१ सालच्या एका प्रात्यक्षिकात दिसले. चालू संगणकावरून हीटसिंक काढून घेताच ही सोय नसलेले प्रोसेसर काही क्षणांत जळाले. पेंटियम ४ मात्र मंद गतीने का होईना, चालत राहिला. उलटपक्षी, उष्णतेची सवड असेल तेव्हा नवे प्रोसेसर आपला वेग स्वतःच वाढवितात. त्यामुळे हाताने वेग वाढविण्याचा लाभ आता थोडाच उरला आहे, आणि चांगले शीतन हाच वेग मिळविण्याचा सुरक्षित मार्ग ठरला आहे.

विक्रमासाठी झटणारे लोक उणे १९६ अंशांना उकळणारा द्रव नायट्रोजन किंवा त्याहूनही थंड असा द्रव हेलियम वापरतात. २०११ साली एका प्रोसेसरने अशा रीतीने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले, आणि २०२२ साली ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली गेली. हे वेग थोडा वेळच टिकतात. शिवाय खोलीपेक्षा थंड झालेल्या भागांवर गार तांब्यावर जमावे तसे दव जमते, आणि पाणी व वीज यांची गाठ पडणे घातक असते. नित्याच्या कामासाठी हा मार्ग नव्हे.

काय करावे?

संगणकाची पेटी भिंतीस चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नये. पुढे व मागे वीतभर जागा मोकळी असावी. खिडकीतील ऊन तिच्यावर पडू देऊ नये. पेटीची बाजू उघडी ठेवल्याने नेहमीच लाभ होतो असे नाही. हवेचा आखलेला मार्ग त्यामुळे मोडतो व धूळ मात्र आत येते. पात्यांत बसलेली धूळ रजईसारखी उष्णता कोंडून धरते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ती अवश्य काढावी. त्या वेळी वीज पूर्ण तोडावी, मऊ कुंचला वापरावा, आणि हवा फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो भलत्या वेगाने फिरणार नाही. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कधीही उघडू नये. वीज तोडल्यावरही त्यात धोकादायक भार काही काळ राहतो. हीटसिंक काढल्यास जुना लेप पुसून नवा पातळ लेप द्यावा. प्रोसेसरचे तापमान पडद्यावर दाखविण्याची सोय असते. ते स्वच्छतेपूर्वी व नंतर टिपून ठेवावे. विद्यार्थ्यांकडून ही नोंद करविल्यास उष्णतेच्या धड्याचा एक उत्तम प्रयोग आपोआप घडून येईल.

उष्णता नाहीशी करता येत नाही; तिला केवळ वाट करून देता येते. ती वाट मोकळी राखणे अल्प खर्चाचे व प्रत्येकास जमणारे काम आहे, आणि त्यावरच यंत्राचे आयुष्य व त्याच्या उत्तरांवरचा आपला विश्वास ही दोन्ही अवलंबून आहेत.