अपडेट करण्यापूर्वी जुनी प्रत राखा



भाताचे नवे वाण आले म्हणून शहाणा शेतकरी सगळ्या खाचरांत ते एकदम लावीत नाही. चार गुंठ्यांत लावून पाहतो, फुटवे मोजतो, आणि जुन्या वाणाचे बी कणगीत राखून ठेवतो. घरातल्या संगणकाच्या बाबतीत मात्र हीच रीत आपण विसरतो. पडद्यावर "नवी आवृत्ती आली आहे, घ्यावयाची काय?" असा प्रश्न उमटला की मुले 'हो' दाबून मोकळी होतात. मग आठ दिवसांनी बचत गटाचा हिशेब शेजारच्या संगणकावर उघडत नाही आणि धावपळ सुरू होते.

शेतीखात्याच्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आता घरचा हिशेब वहीतून संगणकात जाऊ लागला आहे. आपल्या गणेशपुरीचेच पाहा. समाधी मंदिर आणि गरम पाण्याची कुंडे यांमुळे गावात बारमाही वर्दळ. कोणाच्या दोन खोल्या भाड्याने जातात, कोणाचे फुलांचे दुकान, कोणाची खाणावळ, आणि मागे भातशेती आहेच. महिलांचा बचत गट आहे, भजनी मंडळ आहे. या सगळ्यांच्या नोंदी ज्या कार्यक्रमांत ठेवल्या जातात, त्यांतले पुष्कळसे फुकट मिळणारे, म्हणजे 'ओपन सोर्स' जातीचे असतात. ते चांगले असतात, मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यांच्या नव्या आवृत्त्या भराभर निघतात, आणि एखाद्या आवृत्तीत फाईल साठवण्याची पद्धतच बदलते. त्या बदलाची माहिती हवी.

पद्धत बदलते म्हणजे काय होते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. नंतर रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता पाव पैशाचे नाणे कोठून आणणार? जुन्या वहीतला आकडा खोटा नव्हता, पण नव्या वहीत उतरवताना थोडे इकडेतिकडे होणारच. गुंठ्याचेही तसेच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही सारखेच मानून चालणाऱ्याला लहान तुकड्यात फरक जाणवत नाही, मोठ्या क्षेत्रात जाणवतो. फाईलचे रूपांतर होते तेव्हा असेच काहीतरी घडते. बहुतेक सर्व नीट उतरते, एखादी गोष्ट गळते.

ध्वनिमुद्रणाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 'ऑडॅसिटी' नावाचा फुकट कार्यक्रम भजने, कीर्तने ध्वनिमुद्रित करण्यासाठी उपयोगी पडतो. मार्च २०२१ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली आणि साठवण्याची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत 'एयूपी' नावाची एक छोटी फाईल आणि तिच्याशेजारी 'डेटा' नावाचे एक फोल्डर असे. खरा आवाज त्या फोल्डरात, शेकडो बारीक तुकड्यांच्या रूपात साठवलेला असे. पुष्कळ माणसे पेन ड्राईव्हवर फक्त छोटी फाईल घेऊन जात आणि फोल्डर मागेच राही. म्हणजे विहिरीचा रहाट नेला आणि विहीर गावातच ठेवली! नव्या पद्धतीत सर्व काही 'एयूपी३' या एकाच फायलीत राहते. बदल चांगलाच होता, तक्रारीला जागा नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नवी आवृत्ती जुनी फाईल उघडते, परंतु जुनी आवृत्ती नवी फाईल उघडत नाही. मंडळातल्या एकाने घरी अपडेट केले आणि दुसऱ्याकडे जुनाच संगणक असला, तर पहिल्याने साठवलेले भजन दुसऱ्याला उघडता येणार नाही. दुसरे असे की, नवी फाईल तयार झाली म्हणून जुनी फाईल व तिचे फोल्डर लगेच पुसून टाकू नये. नव्या फायलीतले भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे, मधे कोठे शांतता तर पडली नाही ना, हे पाहावे. त्याखेरीज प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत 'वेव्ह' स्वरूपात वेगळी काढावी. ती जागा जास्त खाते, परंतु ती वाजवण्यासाठी अमुक एकाच कार्यक्रमाची गरज पडत नाही.

हे मी इतके बारकाईने सांगतो, कारण आवाज एकदा गेला की परत मिळत नाही. जात्यावरच्या ओव्यांचेच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ गाणाऱ्या बायांच्या आवाजात मुद्रितही झाल्या. त्या आज ऐकता येतात त्या कोणीतरी जपल्या म्हणून. आपल्या घरातल्या आजीच्या ओव्या मात्र आपणच जपावयाच्या आहेत.

जुने स्वरूप वाचणारे यंत्रच न उरल्याची गोष्ट इंग्लंडात घडली आहे. १०८६ साली तेथे जमिनींची एक मोठी नोंदवही झाली, जवळजवळ आपल्या सातबारासारखी. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली लोकांकडून माहिती मागवून ती तबकड्यांवर भरली. पुढे पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि माहिती सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली. नऊशे वर्षांची जुनी वही मात्र वाचता येत होती.

हिशेबाकडे वळू. 'लिब्रे ऑफिस' हा कार्यक्रम २०१० साली 'ओपन ऑफिस'मधून वेगळा झाला. त्याआधी २००५ साली ओपन ऑफिसच्या दुसऱ्या आवृत्तीने आपले जुने स्वरूप सोडून 'ओडीएफ' हे खुले स्वरूप घेतले, आणि २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. हे स्वरूप कसे लिहिले आहे ते सर्वांना खुले आहे, म्हणून उद्या हा कार्यक्रम बंद पडला तरी दुसरा कोणी ते वाचणारा कार्यक्रम लिहू शकतो. पण खुल्या स्वरूपाच्याही पिढ्या असतात. २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून लिब्रे ऑफिस ओडीएफची १.३ ही पिढी लिहू लागले. जुन्या संगणकावर अशी फाईल बहुधा उघडते, पण नव्या सोयी वापरल्या असतील तर त्या गळू शकतात. ज्या गटात जुने-नवे संगणक मिसळलेले आहेत, त्यांनी कार्यक्रमाच्या पर्यायांत जाऊन साठवण्याची पिढी १.२ निवडावी.

येथे एक गैरसमज दूर करतो. अपडेट केल्याने जुन्या फायली सहसा आपोआप बदलत नाहीत. धोका पुढच्या पायरीला असतो. आपण जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडतो, एक आकडा दुरुस्त करतो आणि 'सेव्ह' दाबतो. त्या क्षणी जुन्यावर नवे लिहिले जाते. म्हणून पहिल्या वेळी नेहमी दुसऱ्या नावाने साठवावे.

मराठी अक्षरांचा घोळ तर घरोघरचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलेखनाचे जे फाँट होते, त्यांत आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर फक्त मराठी आकार असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. अशा जुन्या फायली असतील, तर तो फाँट ज्या संगणकावर शिल्लक आहे तेथेच त्यांच्या पीडीएफ प्रती आणि कागदी छापील प्रती काढाव्यात, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा. हिशेबाची साधी 'सीएसव्ही' प्रत काढतानाही 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा, नाहीतर सभासदांची नावे बिघडतात, आकडे तेवढे शाबूत राहतात.

तर अपडेट करण्यापूर्वी सर्व फायलींची एक प्रत पेन ड्राईव्हवर घ्यावी, आणि तो पेन ड्राईव्ह दुसऱ्याच्या घरी ठेवावा. एकाच कपाटात दोन्ही ठेवणे म्हणजे बियाणे आणि धान्य एकाच कणगीत ठेवणे. नव्या आवृत्तीसोबत जी बदलांची टिपणे येतात, ती मुलांकडून वाचून घ्यावीत. फाईल-स्वरूपाचा उल्लेख असेल तर थांबावे. जुन्या आवृत्तीचा कार्यक्रमही जपून ठेवावा, ओपन सोर्स असल्याने त्याला कायद्याची आडकाठी नाही. मग एकाच संगणकावर नवे घेऊन तीन-चार जुन्या फायली उघडाव्यात आणि वर्षअखेरची बेरीज छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी. बेरीज जुळली की बाकीचे संगणक एकाच आठवड्यात अपडेट करावेत, महिनोन् महिने मिसळ ठेवू नये.

आणि हे काम मृगाच्या आत उरकावे. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे विजेचा भरवसा नसतो, आणि रूपांतर चालू असताना वीज गेली तर फाईल अर्धवट राहण्याचा संभव असतो.