पद्मिनीचा बोल्ट नेमका कुठे अडकतो?

दापोली तालुक्यातलं मुरुड, म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे, महर्षी कर्व्यांचं. नारळी-पोफळींच्या वाड्या संपल्या की लगेच समुद्र. अशा गावात मांडवाखाली वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन एक वेळ चार खटपटींनी सुरू होतं. सस्पेन्शनचे बोल्ट मात्र हलत नाहीत. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हद्दपार झाल्या आणि उरल्यासुरल्या गाड्यांचं कौतुक वाढलं. कौतुकाबरोबर सल्लेही आले.

सगळ्यांत लाडका सल्ला असा: ‘नट घट्ट बसलाय, पान्याला पाइप लाव.’ नट बहुतेकदा सुटतोही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पाट्याच्या किंवा शॉकअपच्या डोळ्यातल्या रबरी बुशच्या मधोमध सहसा लोखंडी नळी असते आणि बोल्टचा गुळगुळीत भाग त्या नळीतून आरपार जातो. गंज धरतो तो इथे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. नळी आणि बोल्ट यांच्यातली केसभर फट तो ठासून भरतो. आट्यांचा इथे संबंधच नाही. पाइप लावून जोर वाढवला की बोल्टचं डोकं फिरतं, त्याच्याबरोबर नळीही फिरते आणि रबर पिळवटत राहतं. माणसाला वाटतं, सुटतोय.

‘पण आमची गाडी पावसात भिजलेलीच नाही.’ भिजायची गरज नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली आर्द्रता जेमतेम ३३ टक्के असली तरी पाणी ओढून ओलं होतं. साधं मीठ त्यासाठी ७५ टक्क्यांपर्यंत थांबतं. किनाऱ्यावर आर्द्रता ३३ च्या खाली क्वचितच जाते, म्हणजे भर मे महिन्यातही बोल्टभोवतीचा खारट थर ओलाच. त्यावर जांभ्याची तांबडी माती बसली की ओल धरून ठेवायला आयतं फडकं मिळतं. पुळणीवर गाडी घालणाऱ्या हौशी पाहुण्यांबद्दल तर न बोललेलं बरं. नंतर गाडी खालून धुतली तरी विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर मीठ धुऊन मीठच लावलं.

डब्ल्यूडी-४० वर लोकांचा विश्वास अपार. ते १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनलं; नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं मिश्रण. गंजलेल्या फटीत शिरण्यासाठी वेगळी तेलं मिळतात. ती आट्यांवर उपयोगी पडतात. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारा आणि मधूनमधून हातोडीने हलके ठोका. ठोकताना नट चार आटे तरी अंगावर ठेवा, नाहीतर बोल्टचं टोक पसरतं आणि मग तो मुळीच बाहेर येत नाही. आधी किंचित आवळून मग सोडवणं हीही जुन्या मिस्त्र्यांची खरी युक्ती. लांब नळीत ठासलेल्या गंजापुढे मात्र तेल हरतं.

मग ‘गॅसने लाल कर’. नट तापवणं शास्त्रशुद्ध आहे, कारण तो किंचित फुगतो आणि गंजाची पकड तुटते. पण तेल मारल्यावर ज्योत नेली तर ते पेटतं, बुशचं रबर धुमसतं आणि पद्मिनीची पेट्रोल टाकी मागेच आहे. शिवाय डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट कारखान्यात तापवून, विझवून कणखर केलेला असतो. लाल केलात तर त्याची ताकद गेली. तो परत बसवू नये.

तेव्हा कापाच. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीतून करवतीचं पातं दोन्ही बाजूंनी घालावं. बोल्ट जातो, बुश जातो. दोन्ही नवीनच घालायचे होते. वाचवायचं आहे ते ब्रॅकेट. पुढच्या बाजूला मात्र सांभाळा: तिथली कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. खालच्या आर्मला आधार दिल्याशिवाय आणि स्प्रिंग आवळून धरल्याशिवाय बोल्ट कापला, तर ती सुटून माणूस मारू शकते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणं हाही तसाच वेडेपणा.

नवीन बोल्ट स्टेनलेसचा? गंज लागत नाही म्हणून मोह होतो. पण बाजारातला ए२-७० कायमचा वाकायला ४५० मेगापास्कल पुरतात, ८.८ ला ६४० लागतात. त्यातून खाऱ्या ओलीत स्टेनलेसला चिकटलेलं साधं लोखंड लवकर गंजतं, म्हणजे बोल्ट चकचकीत आणि ब्रॅकेट पोखरलेलं. झिंक चढवलेला ८.८ घ्या आणि त्याच्या गुळगुळीत अंगाला जाम न होऊ देणारी पेस्ट चोपडा. आट्यांना लागली तर आवळताना जोर कमी लावा. निसरड्या आट्यांवर तोच जोर बोल्टला जास्त ताणतो. गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल फासायची पद्धत आहे, तीही सोडा. त्याने रबर फुगून सडतं.

आणि शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यानंतर. गाडी उचललेली असताना आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.