पाळकपदाची उमेदवारी
धर्मविद्यालयातील शिक्षण पूर्ण करून मंडळीची जबाबदारी स्वीकारणाऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा आरंभीचा काळ. या काळात अनुभवी पाळक, सहकारी व मंडळी यांच्याकडून त्याला मिळणाऱ्या मार्गदर्शनाचाही येथे विचार केला आहे.

धर्मविद्यालयात बायबलचे विवरण, ईश्वरविद्या, चर्चचा इतिहास, प्रवचनकला इ. विषय शिकविले जातात. मंडळीत मात्र सकाळी बाप्तिस्मा, दुपारी अंत्यविधी आणि सायंकाळी हिशेबावरून वाद माजलेली सभा, अशी कामे एकाच दिवशी पुढे येऊ शकतात. विद्यार्थ्याची चूक शिक्षक सुधारतो. पाळकाची चूक शोकग्रस्त कुटुंबाला सोसावी लागते. वयाने दुप्पट असलेली माणसे त्याच्याकडे सल्ला मागतात. शिक्षक व सहाध्यायी मात्र दुरावलेले असतात. त्यामुळे ज्ञान असूनही एकाकीपणाने तो खचण्याचा संभव असतो.

धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात विद्यालय असावे, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घेतला. त्यामुळे शिक्षणाला शिस्त आली. तथापि प्रत्यक्ष सेवेच्या शिक्षणाचा प्रश्न उरलाच. अमेरिकेत अँटन बॉइसेन याने १९२५ मध्ये वुस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात, देखरेखीखाली शिकविण्यास प्रारंभ केला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये उमेदवार प्रथम डीकन होतो व सामान्यतः वर्षभराने त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळते. साधारणपणे तीन ते चार वर्षे तो अनुभवी धर्मगुरूच्या हाताखाली काम करतो. इंडियानापोलिस येथील लिली एन्डाउमेंट या संस्थेने १९९९ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात काही मंडळ्यांनाच शिक्षणस्थान मानण्यात आले. नवे पाळक तेथे गटाने राहून काम करीत व त्या कामाचे चिंतन करीत. नवे डॉक्टर रुग्णालयात राहून शिकतात, त्यासारखीच ही पद्धती होय. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ च्या उपदेशपत्रात दीक्षेनंतरही चालू राहणाऱ्या शिक्षणावर भर दिला.

भारतात सेरामपूर येथे १८१८ मध्ये महाविद्यालय स्थापन झाले. महाराष्ट्रात यवतमाळ येथील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. चर्च ऑफ साउथ इंडिया (१९४७) व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (१९७०) यांत डीकन व प्रेसबिटर असे दीक्षेचे टप्पे आहेत. ग्रामीण भागात एकाच पाळकाकडे अनेक गावांच्या मंडळ्या असल्यास ज्येष्ठाचा नित्य सहवास दुर्मीळ होतो. अशा ठिकाणी ठराविक दिवशी भरणाऱ्या शेजारच्या पाळकांच्या बैठकीचे महत्त्व वाढते.

मार्गदर्शकाची निवड हा यातील कळीचा भाग होय. बदली वा बढती ज्याच्या हाती आहे, त्याच्यापुढे नवा पाळक आपल्या चुका लपवितो. म्हणून मूल्यमापन करणारा अधिकारी व विश्वासाचा सल्लागार हे भिन्न असणे इष्ट ठरते. नव्या पाळकाने प्रथम घरोघरी भेटी देऊन मंडळीचा इतिहास व जुने तंटे समजून घ्यावेत आणि मोठे बदल घाईने करू नयेत. मंडळीनेही कामाच्या मर्यादा, विश्रांतीचा दिवस व निर्वाह यांविषयी आरंभीच स्पष्टता ठेवावी. पूर्वीच्या पाळकाशी सतत तुलना केल्यास नवागताचे धैर्य खचते. पाळक मंडळीला शिकवितो, त्याचप्रमाणे मंडळीही त्याला घडविते. ही जाणीव उभयपक्षी असेल, तरच उमेदवारी सफल होते.