नाताळचा मूकपट आणि ‘केसरी’चे स्वदेशी

1910 च्या नाताळात मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट लागला होता. प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके बसले होते. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले. काही चरित्रकार हा प्रसंग 1911 च्या ईस्टरचा मानतात. तारीख कोणतीही धरली, तरी भारतीय पौराणिक चित्रपटाचे बीज एका ख्रिस्ती सणाच्या खेळात पडले, हे खरे.

चित्रपट काढण्याच्या ध्यासाची झळ आधी घराला लागली. फाळके रोज चार-पाच तास चित्रपट पाहत आणि उरलेला वेळ प्रयोगांत घालवत. त्यापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि उपचारांनंतर परत आली. विम्याची पॉलिसी गहाण पडली. 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तिथे तंत्र शिकले आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. वाटाण्याचे रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म करून त्यांनी भांडवलदाराची खात्री पटवली, पण पैसे पुरेनात, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि चित्रीकरणाच्या माणसांचा रोजचा स्वयंपाक करणे ही सगळी कामे त्यांच्याच अंगावर होती. पहिल्या चित्रपटाच्या श्रेयात त्यांचा वाटा आजवर दिला जातो त्याहून फार मोठा आहे.

तो पहिला चित्रपट, ‘राजा हरिश्चंद्र’, 3 मे 1913 रोजी कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. त्याच वर्षी टिळकांच्या ‘केसरी’ या पत्राने फाळक्यांची बाजू वाचकांपुढे मांडली. आपल्या चित्रपटांची मालकी, माणसे आणि कथा देशी आहेत, म्हणून ते स्वदेशी, असे फाळक्यांचे म्हणणे होते. त्या काळात असा मजकूर नुसत्या करमणुकीच्या बातमीसारखा वाचला जात नसे. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि 1910 च्या मुद्रण कायद्याने देशी पत्रांवर जामीनकीची टांगती तलवार होती. पुराणकथा आणि देशी उद्योग यांच्या आडून राष्ट्राविषयी बरेच बोलता येत असे, आणि ‘केसरी’ला ही वाट चांगली ठाऊक होती.

याच पत्राची दुसरी बाजूही विसरता येत नाही. राजकारणात जहाल असलेला ‘केसरी’ सामाजिक बाबतीत सनातनी होता. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्याने कडाडून विरोध केला होता. चांगल्या घरातील स्त्रीने घराबाहेर कुठे वावरावे, याविषयी समाजाची जी धारणा होती, तिला अशा लिखाणाचे बळ मिळत असे. ती धारणा फाळक्यांच्या पडद्यावरही आडवी आली. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या राणी तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, वेश्यावस्तीतही कोणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरच्या खाणावळीत स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांनी लुगडे नेसून ती भूमिका केली. 1913 च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या.

पुराणकथेचे राजकीय अर्थ सरकारलाही कळत होते. 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला, मोठ्या शहरांत परिनिरीक्षण मंडळे बसली. 1921 चा ‘भक्त विदुर’ हा चित्रपट मद्रासमध्ये आणि कराचीत बंदीच्या कचाट्यात सापडला, कारण त्यातला विदुर पोशाखाने गांधीजींसारखा दिसत होता.

फाळके 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत आले खरे, पण भागीदारांशी पटेना. कंपनी सोडून ते काशीला जाऊन राहिले. ‘संदेश’ या पत्राचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना परतण्याची हाक दिली. चित्रपटसृष्टीपुरता मी मेलो आहे, असे फाळक्यांनी कळवले, तेव्हा कोल्हटकरांनी ते पत्र त्यांच्या मृत्यूची बातमी असल्यासारखे मथळा देऊन छापले. वाचकांची पत्रे येऊ लागली आणि फाळके नाशिकला परतून पुन्हा कामाला लागले. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.