आपल्याला चालतंय, पण लोकांना चालेल का?

लेखमाला : अमेरिकेचा कारभार (भाग ७)

अमेरिकेत अध्यक्ष व्हायचं तर ५३८ निर्वाचकांपैकी किमान २७० पदरात पडावे लागतात, हे मागच्या भागात आपण पाहिलं. आता एक नाजूक प्रश्न : त्या खुर्चीत ज्यू माणूस बसू शकेल का?

कायद्याची आडकाठी नाही. सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं अमेरिकी राज्यघटनेचं सहावं कलम बजावतं. तरीही आजवर एकही ज्यू अध्यक्ष झालेला नाही.

यातली मेख किल्लारीकरांना लवकर कळेल. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. सरपंच सदस्यांतून होतो, तेव्हा चार घरांच्या समाजातला माणूसही सदस्य जुळवून खुर्ची गाठतो. थेट निवडणुकीत त्याला अख्ख्या गावापुढे उभं राहावं लागतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं पहिल्या वाटेची आहेत. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातले डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, ते नगरसेवकांच्या मतांवर. महालक्ष्मी-वरळी भागातला डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा. बॅ. अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, ते आमदारांचा नेता म्हणून आणि दिल्लीच्या पसंतीने. किल्लारीतल्या निराधार म्हाताऱ्यांना ठाऊक असलेली संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. १९८२ मध्ये त्यांची खुर्ची गेली ती सिमेंट प्रकरणात, धर्मामुळे नव्हे. मात्र त्यांच्यानंतर राज्याला दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री मिळालेला नाही.

अमेरिकेत ही आतली वाट नाही. तिथल्या प्रौढांमध्ये ज्यू जेमतेम अडीच टक्के, म्हणजे समाजाच्या मतांवर गणित जमणं अशक्य. मग इतर लोक मत देतील का? गॅलप संस्थेने १९३७ मध्ये विचारलं, तेव्हा लायक ज्यू उमेदवाराला मत देऊ म्हणणारे ४६ टक्के होते. २०२० मध्ये ते ९३ टक्के झाले. प्रत्यक्षातही तसंच दिसतं. धर्माचे नियम कसोशीने पाळणारे, शनिवारी प्रचार बंद ठेवणारे जो लिबरमन २००० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्या जोडीला देशभरात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा पाच लाखांहून अधिक मतं जास्त पडली. फ्लोरिडा ५३७ मतांनी गेलं आणि सत्ताही गेली. ज्यू असलेले बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये न्यू हॅम्पशायरची प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) निवडणूक मोठ्या फरकाने जिंकली.

तेव्हा खरी गाठ पक्षाच्या उमेदवारीपाशी आहे. तिकीटवाटपाच्या वेळी आपल्याकडे कुणी ‘मला हा माणूस नको’ असं तोंडावर म्हणत नाही. म्हणतात, ‘आपल्याला चालतंय हो, पण लोकांना चालेल का?’ सगळेच एकमेकांच्या वतीने असा अंदाज बांधतात आणि चांगला माणूस मागे राहतो. पेनसिल्व्हेनियाचे ज्यू गव्हर्नर जॉश शपिरो २०२४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या चर्चेत होते. कमला हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांना निवडलं. त्यामागे धर्म होता असं म्हणायला पुरावा नाही. पण गाझातल्या युद्धामुळे पक्षात फूट पडली असताना शपिरोंची इस्रायलविषयीची भूमिका चर्चेत आली, हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये वल्हांडण सणाच्या रात्री त्यांच्या सरकारी निवासस्थानाला आग लावण्यात आली. विरोध थोड्यांचा असला, तरी तो किती थराला जाऊ शकतो हे त्यातून दिसलं.

कॅथलिक उमेदवार अल स्मिथ १९२८ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक हरले. पुढचा कॅथलिक, जॉन केनेडी, १९६० मध्ये जिंकला. मधली बत्तीस वर्षं ‘लोकांना चालेल का?’ या प्रश्नातच गेली. ज्यू उमेदवाराचीही वाट आज तिथेच अडली आहे. मतदार बऱ्यापैकी तयार आहे. हिय्या करायचा आहे तो पक्षांनी. तसा तो आपल्याकडच्या पक्षांनीही करायला हवा.

(पुढील आठवड्यात : प्राथमिक निवडणुका कशा होतात?)